स्टोअरमामांची खूण

वैशालीच्या नेलपॉलिशच्या जेवढ्या बाटल्या मामांनी संपवल्या, तेवढ्या तिच्या स्वतःच्या नखांनाही कधी लागल्या नसतील. घरात नवी वस्तू आली की मामा ती आधी उलटी करून बघायचे, मग बाटलीतल्या इवल्याशा ब्रशनं तिच्या बुडाला नाहीतर पाठीला तीन लाल ठिपके द्यायचे. छत्री, पाण्याचा पिंप, गॅसची शेगडी, देवळात जाताना घालायच्या चपला, सगळ्यांच्या अंगावर तीन ठिपके. मिक्सर दुरुस्तीला जायचा असला तर तो घरीच उघडून मामा आधी आतल्या मोटरला ठिपके लावायचे. "डबा तसाच ठेवत्यात आन आतला माल बदलत्यात," ते सांगायचे. "खूण पायजेच."

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. सोलापुरातल्या एका कापड गिरणीत ते स्टोअर सांभाळायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना स्टोअरमामा म्हणायची. गिरणी कधीच बंद पडली, पण मामांच्या डोक्यातलं स्टोअर काही बंद झालं नाही. खिडकीच्या आत आपण, खिडकीबाहेर सगळं जग, आणि हे जग काहीतरी लंपास करायलाच आलेलं आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. दूधवाला, रिक्षावाला, लग्नात अहेर मांडून घेणारा, कुणी म्हणजे कुणी सुटायचा नाही. मी त्यांची सख्खी भाची, वर शाळेत बाई. पण माझ्याकडून साखरेची वाटी परत आली तरी मामा ती हातावर तोलून बघायचे. मी चिडले की म्हणायचे, "तुझ्यावर संशय न्हाय गं सुमन. वाटीवर हाय."

कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात मामांचा एक विधी ठरलेला. काम सुरू होण्याआधी स्टूल मागायचं, वस्तू आणि कारागिराचे हात दोन्ही दिसतील असं ते लावायचं आणि उठायचं नाही. चहाच्या बाबतीत मामा अट्टल, घरी पातेलंभर प्यायचे, पण दुकानात कुणी चहा दिला तर घोट घ्यायचे नाहीत. "चहा पाजून मागनं हात मारत्यात." काम संपलं की उभं राहून उजवा हात पुढे करायचा, तळहात वर, आणि म्हणायचं, "जुनं द्या." जळका स्विच असो की झिजलेला वॉशर, जुना भाग हातात पडेपर्यंत तो हात तसाच पुढे. मग त्यावरचे ठिपके अंगठ्यानं घासून बघायचे आणि पिशवीत टाकायचं. परसातल्या भिंतीवर त्या जुन्या भागांची ही रांग लागली होती. भंगारवाला आशाळभूतपणे बघत दारावरून जायचा. त्याला मामांनी कधी उंबरा ओलांडू दिला नाही.

वैशाली ही मामांची एकुलती लेक. ती लहान असतानाच मामी गेल्या. तिची वेणी मामांनी घातली, डबा मामांनी भरला, नेलपॉलिशही बाजारातून मामाच आणायचे आणि दुकानदारासमोरच बाटली उघडून नखावर लावून बघायचे. दुसरं लग्न सुचवणाऱ्यांना त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ह्या माणसाचं जगात एकच धन होतं आणि ते म्हणजे वैशाली. आणि तिच्या अंगावर ठिपके देता येत नाहीत, हीच त्यांची खरी पंचाईत होती.

ती पुण्याला नोकरीला लागली. एका रविवारी तिनं फोनवर सांगितलं की तिनं लग्नाचं ठरवलंय. मुलगा सोलापूरचाच, श्रीनिवास, घरी श्रीनू म्हणतात. कॉलेजात तिच्या पुढे होता. घराणं तेलुगू, आजोबा मागावर कापड विणायचे. आता बापलेक मिळून अक्कलकोट रस्त्याला गाड्यांच्या रेडिएटरचं दुकान चालवतात. मी तिथेच बसले होते. मामांचा चेहरा बघून मला वाटलं, आता जातीवरून, भाषेवरून काही निघणार. नातेवाईक पुढे ते सगळं बोललेच. मामा मात्र एवढंच म्हणाले, "तुमचं ठरलं असंल. माझं ठरायचं हाय. मी न्हाय म्हनलो तर काय करशील?"

वैशाली म्हणाली, "करणार नाही बाबा. पण दुसऱ्या कुणाशीही करणार नाही."

फोन ठेवल्यावर मामा परसात जाऊन आपल्या गाडीकडे बघत उभे राहिले. गाडी जुनी होती आणि काही दिवसांपासून वाटेत तापत होती. बॉनेटखालून वाफ यायची, काटा लालवर जायचा. मामा गाडीत कॅन ठेवायचे आणि घरच्या बोरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत पुढे जायचे. मेकॅनिकनं मागे कूलंट घालायला सांगितलं होतं, तर मामा भडकले होते. "हिरवं रंगीत पानी बाटलीत भरून इकत्यात आन आमी घ्यायचं? आमच्या बोरला काय धाड भरलीया?" आमच्या बोरचं पाणी इतकं जड, की डाळ शिजता शिजत नाही. पण ते आपल्या डोळ्यांदेखत जमिनीतून येतं, मग त्याच्यावर कसला संशय?

"सुमन," मामा म्हणाले, "उद्या सुट्टी टाक. रेडिएटर बदलायचा हाय. आन हितं कुनाला बोलू नगंस."

मी काय समजायचं ते समजले.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी रेडिएटरच्या पाठीला नवे तीन ठिपके बसले. वाटेत गाडी एकदा तापली, मामांनी कॅन रिकामा केला. दुकान म्हणजे पत्र्याची शेड होती. शेजारच्या कारखान्यातून यंत्रमागांची खटखट सारखी येत होती. पुढे चष्मा लावलेला, कोपरापर्यंत काळा झालेला एक सडपातळ तरुण, मागे जुन्या टाक्यांना डाग देत बसलेले त्याचे वडील, नरसय्या.

"नाव काय काका?" तरुणानं विचारलं.

"पवार," मामा बिनदिक्कत म्हणाले. "ही माझी लेक."

आमच्या घराण्यात पवार कुणी नाही आणि मी त्यांची लेक नाही. जन्मभर दुसऱ्याचं खोटं पकडणारा माणूस दोन वाक्यांत दोन थापा मारून स्टूल ओढून बसला. वर कुणी विचारलं नसताना म्हणाला, "काय बोलायचं ते मराठीत बोला बरं का. तुमची भाषा आमाला कळत न्हाय." हे कशासाठी ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, उगाच खोचकपणा.

चहा आला, मामांनी पेला शिवला नाही. श्रीनूनं गाडी बघितली, टाकीला आणि खालच्या बाजूला हात लावून बघितला.

"डाग देऊन भागंल का?" मामांनी विचारलं.

"नाही काका. आज देतो की डाग, पण पंधरा दिवसांत परत येताल तुम्ही. वाटेत बंद पडली तर हाल होतील."

मामांनी माझ्याकडे बघून एक भुवई उचलली. म्हणजे, बघ, नवा गळ्यात मारायचा बेत. मलाही तसंच वाटायला लागलं. मामांच्या शेजारी अर्धा तास बसलं की देवळातला पुजारीसुद्धा चोर दिसायला लागतो.

शेवटी मामांनी मान हलवली. पाइप सुटले, रेडिएटर बाहेर आला. मामांनी लांबूनच ठिपके पाहून घेतले. श्रीनूनं तो तिरपा केला तसा आतून पांढरा चुरा पडला, चहाच्या पातेल्याच्या बुडाला धरते तशी पापडी. नरसय्या उठून आले, चुरा बोटावर घेतला आणि तेलुगूत मुलाला काहीतरी बोलले. आवाजात चांगलाच ठसका होता. श्रीनू हळू आवाजात काहीतरी म्हणाला. नरसय्यांनी परत सुनावलं. श्रीनूनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोन शब्दांत उत्तर दिलं. मामा वरच्या पंख्याकडे बघत होते, चेहरा अगदी मेंढरासारखा गरीब. गिऱ्हाइकासमोर दुसऱ्या भाषेत बोलतात ते काय त्याचं कौतुक करायला? वैशालीचं लग्न इथंच मोडलं, असं मला वाटलं.

श्रीनू मामांकडे वळला. "काका, ह्याचं वय झालंय ओ. लई वर्षं साथ दिली तुम्हाला. नवीन घालून देतो."

नवा बसला. श्रीनूनं त्यात हिरवं कूलंट भरलं. मामा उठले, उजवा हात पुढे केला, तळहात वर. "जुनं द्या." श्रीनू हसलाही नाही. जुना रेडिएटर त्यानं फडक्यानं पुसला आणि मामांच्या दोन्ही हातांवर नीट ठेवला. मामा ठिपके घासून बघण्यात गुंतले, तेवढ्यात त्यानं मला खुणावलं.

"ताई, जरा इकडं या की." मी बाजूला गेले तसा तो कुजबुजला, "बाबांना बोरचं पाणी घालू देऊ नका. तुम्हीच गुपचूप कूलंट आणून ठेवा. मी सांगितलं म्हणू नका मात्र."

गाडी सुरू झाली. काटा जागच्या जागी होता.

"कोपऱ्यात काय सांगत होता तुला?" मामांनी विचारलं.

"काही नाही. हॉर्नचं काहीतरी."

"तू बी खोटं बोलायला लागलीस व्हय."

आणखी थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "पोरगा बी खोटं बोलला."

मामांच्या दरबारात ह्या गुन्ह्याला माफी नव्हती. एका वाण्यानं वेलदोडे तोलताना एकदा तराजूला बोट लावलं, तर मामांनी त्याच्याशी जन्माचं वैर धरलं होतं. मी म्हणाले, "मामा, तो काय बोलला ते तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला तेलुगू कुठं येतं?"

मामांनी सात रस्ता चौकाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली.

"गिरनीत नवा लागलो तवा तेलुगू खानावळीत जेवायचो मी. समदं येतंय. पन स्टोअरच्या खिडकीत बसून कदी दाखवलं न्हाय. बाहेर उभी ऱ्हाऊन मानसं आपसात बोलायची, खरं काय मोडलंय, खोटं काय मोडलंय, समदं कानावर यायचं. मानूस खरं कवा बोलतो सांगू? आपल्याला कळत न्हाय असं त्याला वाटतं तवा."

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. मामींनाही नाही, वैशालीलाही नाही. मला वडाच्या झाडाची शपथ घ्यायला लावली, कारण देवाच्या शपथा लोक सर्रास मोडतात, असं त्यांचं म्हणणं.

"मग काय बोलले ते?"

"बाप म्हनला, ह्या म्हाताऱ्यानं बोरचं पानी वतून वतून रेडिएटर मारलाय. सांग त्याच्या तोंडावर. पोरगा म्हनला, ऱ्हाऊ द्या, सोबत लेक हाय. लेकीसमोर बापाला मान खाली घालायला कशाला लावायची? वय झालंय म्हनून सांगतो, काय बिघडत न्हाय. बाप म्हनला, मग नवा बी मारंल की ह्यो. पोरगा म्हनला, लेकीला बाजूला सांगतो." मामा समोरच्या काचेकडे बघत होते. "सांगितलं का?"

"सांगितलं," मी म्हणाले.

"आपन कोन हाय, त्याला ठाव न्हवतं."

"नव्हतं."

मामांनी गाडी सुरू केली. घरी आल्यावर म्हणाले, "पन बाप खरं बोलला का, ते बघाय पायजे." आणि करवतीनं त्यांनी तो रेडिएटर परसात कापला. आतल्या नळ्या पांढऱ्या पापडीनं गच्च भरल्या होत्या. जे पाणी आपल्या डोळ्यांसमोर जमिनीतून येतं, त्यानंच आतून घात केला होता. मामांनी पापडीचा तुकडा खडूसारखा फरशीवर ओढून पाहिला. मी चहा केला, तो प्यायले. मग वैशालीला फोन लावला.

"त्या पोराला आन त्याच्या आईबापाला घिऊन ये."

मंडळी आली तेव्हा श्रीनू दारातच थबकला. परसात ती गाडी, भिंतीवर खिळ्याला तो कापलेला रेडिएटर, आणि समोर मामा.

"पवारकाका?"

"पवार गावाला गेले," मामा म्हणाले. "या, बसा."

श्रीनूचं तोंड बघण्यासारखं झालं. वैशालीला काहीच कळेना. नरसय्या मुलाकडे वळून घाईघाईनं तेलुगूत बोलू लागले आणि मामांचा चेहरा पुन्हा मेंढरासारखा गरीब झाला. मला हसू आवरेना, मी स्वयंपाकघरात पळाले.

लग्नात सीमांतपूजनाला मामांनी जावयाच्या कपाळाला कुंकू लावलं. एकदा लावलं, मग जरा मागे होऊन बघितलं आणि वरती आणखी दोन ठिपके दिले. गुरुजी चक्रावले. मामा माझ्या कानात म्हणाले, "खूण केली. आता बदलायचं भ्या न्हाय." आणि डोळे पुसायला मंडपामागे निघून गेले. मला विचाराल तर ह्या माणसाला मी तेवढं एकदाच रडताना पाहिलं.

पुढची वर्षं मामांनी त्या तेलुगू घरात बिनभाषेचे पाहुणे म्हणून काढली. सणावारी जेवायला जायचे, खाली मान घालून ऐकायचे. एकदा श्रीनूच्या आई तेलुगूत सुनेला म्हणाल्या, "तुझे बाबा दोन घासांत उठतात. आम्ही जेवणात काही घातलं असेल असं वाटतं की काय त्यांना!" वैशाली तोवर ती भाषा शिकली होती, ती कावरीबावरी झाली. मामांनी तर ऐकलंच नव्हतं. पण पुढच्या वेळी त्यांनी दोनदा भात मागून घेतला आणि घरी येऊन माझ्याकडून ओवा मागितला. संशय घेणं मात्र सोडलं नाही. श्रीनूच्या दुकानात गाडी गेली तरी स्टूल तसंच, हात तसाच पुढे. "जावई झाला म्हनून काय झालं? खूण ती खूण." नरसय्यांना हे लागायचं. बोलायचे नाहीत, पण चेहऱ्यावर दिसायचं. मला कितीदा वाटलं, सांगून टाकावं. पण वडाची शपथ होती.

कूलंटची बाटली मीच आणून द्यायची. मामा ती उजेडात धरायचे, हलवून बघायचे आणि ओतायचे. "रंगीत पानी," प्रत्येक वेळी म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात मामांच्या छातीनं घात केला. दवाखान्यात नाकाला नळी लावली होती. नर्स सलाइनची बाटली बदलायला आली की मामा तिच्यावरचं नाव मला वाचायला लावायचे. मग तेही थांबलं. त्यांनी वाचायला सांगितलं नाही त्या दिवशी मला खरी भीती वाटली.

त्या दुपारी वैशाली डॉक्टरांना भेटायला खाली गेली होती. मामा डोळे मिटून पडले होते. पायाशी नरसय्या आणि श्रीनू उभे होते. नरसय्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि मुलाला तेलुगूत काहीतरी म्हणाले. श्रीनूनं मान खाली घातली.

खाटेवरून आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"मोदटि रोजे नम्मानु."

मला ती भाषा येत नाही. पण त्या दोघांचे चेहरे मी पाहिले. नरसय्यांचा टॉवेल तोंडाशीच राहिला.

"ताई," श्रीनू माझ्याकडे वळला, "मामांना तेलुगू येतं?"

"गिरणीपासून येतं," मी म्हणाले. गुपित त्यांनी स्वतःच फोडलं होतं. "काय म्हणाले ते?"

"आमचे नान्ना, वडील, म्हणत होते, माणूस सोन्यासारखा, पण शेवटपर्यंत आपल्यावर विश्वास नाही ठेवला त्यांनी. तर मामा म्हणाले..." त्यानं चष्मा काढला. "पहिल्याच दिवशी ठेवला म्हणाले. पहिला दिवस म्हणजे? तुमच्या घरी आलो तो का?"

"नाही रे. पवारांचा."

श्रीनू माझ्याकडे बघत राहिला. दुकानात आपण काय बोललो होतो ते त्याला एकेक आठवत असावं. नरसय्यांनाही. श्रीनू खाटेजवळ गेला, वाकला आणि तेलुगूत मामांना काहीतरी म्हणाला. त्या घरातलं कुणी मामांशी त्या भाषेत बोलण्याची ती पहिलीच वेळ.

मामांनी डोळे उघडले नाहीत. चादरीखालून उजवा हात मात्र हळूहळू बाहेर आला आणि पुढे झाला, तळहात वर, दुरुस्तीच्या दुकानात करायचे तसा. श्रीनूनं त्यात आपला हात ठेवला. मामांनी अंगठ्यानं तो एकदा घासून बघितला आणि मूठ मिटली.